सोबतीने जडले, सोबतीनेच सुटावे

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलीतील कारवार जिल्ह्याच्या, वायव्येकडील अंगास जोयडा हा तालुका आहे. काळी नदीचा उगम याच तालुक्यातील दिग्गीच्या परिसरात होतो. पूर्वी या तालुक्याचे नाव सुपा असे होते. परंतु काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपे गाव बुडाले, आणि तालुक्याचे ठाणे व नाव दोन्ही जोयड्याकडे आले. घनदाट रान, उभे घाट आणि अतिवृष्टी यांमुळे येथे मोठी गावे फारशी वसली नाहीत. चार घरे या टेकडीवर तर सहा घरे पलीकडच्या ओढ्याकाठी, अशी येथील वस्ती. कुणबी, गवळी, मराठा, ख्रिस्ती, सिद्दी असे नाना समाज या रानात राहतात. मराठी व कोकणी या भाषा घरोघर कानी पडतात.

अशा विरळ वस्तीच्या प्रदेशात माणसाला माणूस भेटणे ही मोठी गोष्ट असते. रानवाटेवर गाठ पडली की दोघे सावलीला टेकतात, पाऊसपाण्याची चौकशी होते आणि मग एकाचा हात कनवटीला वा खिशाला जातो. विडी पुढे केली जाते, किंवा चंची सोडून तंबाखूची चिमूट तळहातावर मळली जाते. एकाच काडीवर दोघांच्या विड्या पेटतात. यात केवळ तलफ नसते. ओळख, विश्वास आणि आपलेपणा यांची ती खूण असते. म्हणूनच विडी सोडू पाहणाऱ्या माणसापुढे खरी अडचण उभी राहते. पुढे केलेली विडी नाकारली, तर समोरच्याला वाटते की आपणच नाकारले गेलो. व्यसन सोडणाऱ्याला धुराचा विरह सहन करता येतो. माणसांचा विरह सहन होत नाही. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते काय, हे पाहण्यासारखे आहे.

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपात गेली आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. गोवा 1510 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेला होता. घाटावर विजापूरची आदिलशाही होती. किनारा आणि घाटमाथा यांच्यामधील हा सारा मुलूख ओलांडून माल वर जाई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विजापुरात तंबाखू चांगलीच रुळली होती.

याला पुरावा आहे तो असद बेग या मोगल सरदाराच्या वृत्तांताचा. अकबर बादशहाने त्याला विजापुरास धाडले होते. परत जाताना, 1604-05 च्या सुमारास, त्याने तेथील तंबाखू आणि एक सुंदर रत्नजडित नळी बादशहाला नजर करण्यासाठी बरोबर घेतली. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. दरबारातील हकिमाने हरकत घेतली की, आपल्या ग्रंथांत या पानाचा उल्लेख नाही, तेव्हा त्याचे गुणदोष जाणल्यावाचून ते घेणे योग्य नव्हे. त्यावर बराच वाद झाला. अकबराने ती सवय लावून घेतली नाही. परंतु असद बेगने उरलेली तंबाखू व नळ्या अमीर-उमरावांना वाटल्या होत्या. त्या सर्वांनी आणखी मागितली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली, आणि पाहता पाहता प्रघात पडला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तंबाखूचा प्रसार ना राजाज्ञेने झाला, ना वैद्याच्या सल्ल्याने. एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती भेट म्हणून पसरली. दरबारात जे रत्नजडित नळीने झाले, तेच पुढे रानात आपट्याच्या आणि टेंभुर्णीच्या पानाने झाले.

मग राज्यकर्ते जागे झाले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1604 मध्ये तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः पुस्तिका लिहिली आणि जबर कर बसवला. तुर्कस्तानचा सुलतान चौथा मुराद याने 1633 मध्ये धूम्रपानाला देहान्ताची शिक्षा ठेवली. पोप आठवे अर्बन यांनी 1642 मध्ये सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यास बहिष्काराचा धाक घातला. अठराव्या शतकात ती बंदी रोमनेच मागे घेतली. अकबराचा पुत्र जहांगीर याने 1617 मध्ये धूम्रपानास मनाई केली. त्याच्या आत्मचरित्रात त्याच संदर्भात एक मौजेची हकीकत आहे. इराणच्या शहा अब्बासानेही अशीच मनाई केली होती. पण जहांगिराचा इराणातील वकील खान आलम याला धुरावाचून क्षणभरही राहवत नसे. शेवटी शहाने त्याच्यापुरती मोकळीक दिली. ज्या बादशहाने आपल्या मुलुखात तंबाखूला बंदी घातली, त्याचाच वकील दुसऱ्या बादशहाची बंदी मोडीत होता! हुकूम निघाले, धूर मात्र थांबला नाही.

कायदा निरुपयोगी असतो, असा याचा अर्थ नव्हे. भारतात 2003 मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले. त्यामुळे बसगाड्या, कचेऱ्या, उपाहारगृहे यांतील हवा पुष्कळ निवळली. परंतु कायदा दारापर्यंत येतो; घराच्या पडवीत आणि रानातल्या सावलीत त्याचा हात पोहोचत नाही. तेथे जो पोहोचतो तो शेजारी.

महात्मा गांधींच्या बालपणीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यातील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यांना आणि त्यांच्या एका नातलग मुलाला विडीचा नाद लागला. चुलत्यांनी टाकलेली थोटके वेचून झाली. मग नोकराच्या खिशातील पैसे चोरून झाले. चोरून ओढण्याच्या या परावलंबनाला कंटाळून दोघांनी धोत्र्याच्या बिया खाऊन जीव देण्याचा विचार केला, पण धीर झाला नाही. त्या प्रसंगानंतर थोटके ओढणे आणि पैसे चोरणे दोन्ही सुटले. ती सवय जडली ती दोघांना, आणि सुटली तीही दोघांची. आत्मकथेतील हा प्रसंग सत्याच्या प्रयोगाचा आहेच. तो सोबतीचाही आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. वारकरी माळ घालतो तेव्हा तो दारू आणि मांस वर्ज्य करतो. पण माळ घालून तो घरी एकटा बसत नाही. दिंडीत त्याच्या पुढे आणि मागे तीच माळ घातलेली माणसे चालत असतात. गावी परतल्यावर एकादशीला तीच माणसे भजनास भेटतात. व्रत एकाचे, पण त्याची राखण दहांची. गाडगे महाराज (1876-1956) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दारू पिऊ नये हे माणूस साऱ्या गावाच्या देखत बोलून जाई. मात्र एक उणीव मान्य केली पाहिजे. माळेने दारू सुटली तरी तंबाखूची चंची कित्येकांच्या कमरेला तशीच राहिली, कारण तिला कोणी व्यसनच मानले नाही.

सोबतीच्या बळाची मोठी परीक्षा एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि अमेरिकेत झाली. ती दारूच्या संदर्भात झाली, परंतु पुढे धूम्रपानाच्या कामी तिचाच उपयोग झाल्यामुळे ती येथे सांगणे अवश्य आहे. आयर्लंडमधील कॉर्क शहरी फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅथलिक धर्मगुरूंनी 10 एप्रिल 1838 रोजी मद्यत्यागाच्या शपथेची चळवळ सुरू केली. लाखो लोकांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली. परंतु पुढे भीषण दुष्काळ आला, लोक देशोधडीस लागले आणि 1856 मध्ये फादर मॅथ्यू निवर्तले. चळवळीचा ओघ आटला. योगायोग असा की, त्याच 1856 साली डब्लिनमध्ये मॅट टॅलबट या मजुराचा जन्म झाला. तो तरुणपणी अट्टल मद्यपी होता. 1884 मध्ये एके दिवशी खिशात दमडी नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते त्या मित्रांपैकी एकानेही त्याला आत बोलावले नाही. तो घरी परतला, आईला सांगून गेला आणि प्रथम केवळ 3 महिन्यांची शपथ घेऊन आला. ती त्याने 1925 मध्ये मरेपर्यंत पाळली; तंबाखूही सोडली. त्याच्या आधाराला प्रार्थना होती आणि मार्गदर्शन करणारे धर्मगुरू होते. गुत्त्याची संगत तुटली, त्या जागी दुसरी संगत आली.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 1840 मध्ये सहा मद्यपी एका गुत्त्यात बसले असता त्यांनीच आपसांत दारू सोडण्याचे ठरविले आणि वॉशिंग्टनच्या नावाने मंडळ काढले. त्यांचा दंडक साधा होता: दर आठवड्याला जमायचे, प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची आणि येताना एखादा नवा पिणारा बरोबर आणायचा. अब्राहम लिंकन यांनी 22 फेब्रुवारी 1842 रोजी स्प्रिंगफील्ड येथील याच मंडळापुढे भाषण केले. दारुड्याला तुच्छ लेखणाऱ्या उपदेशकापेक्षा स्वतः त्या गर्तेतून बाहेर आलेला माणूस अधिक प्रभावी ठरतो, हा त्या भाषणाचा मथितार्थ होता. तरी थोड्याच वर्षांत हे मंडळ विस्कळीत झाले. पण त्यांनी शोधलेली वाट बुजली नाही.

त्या वाटेवर पुन्हा पाऊल पडले ते 1935 मध्ये, अमेरिकेतील ॲक्रन शहरी. बिल विल्सन नावाचा दलाल काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. व्यवसायातील अपयशाने खचून तो हॉटेलाच्या दालनात उभा होता. एका बाजूला मद्यालय, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला उमगले की, या घडीला आपण वाचावयाचे असेल तर आपल्यासारखाच एखादा पिणारा शोधून त्याच्याशी बोलले पाहिजे. त्याने टेलिफोनकडे जाऊन चर्चमध्ये चौकशी केली आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी त्याची गाठ पडली. या दोघांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मली. डॉक्टर बॉब यांना त्याच शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या कॅथलिक जोगिणीचे साहाय्य लाभले. 1939 पासून तिने मद्यपींना गुन्हेगार न मानता रोगी मानून दाखल करून घेतले. यातील मर्म असे की, मदत करणारा आणि मदत घेणारा असे दोन वर्ग येथे नाहीत. दुसऱ्याला सावरताना पहिलाही सावरतो.

या कथेला एक करुण बाजूही आहे. ज्या बिल विल्सनने असंख्यांना दारूतून सोडविले, तो आयुष्यभर सिगारेट ओढीत राहिला, आणि 1971 मध्ये फुप्फुसाच्या विकाराने त्याचा अंत झाला. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकींत त्या काळी धूर कोंदलेला असे. एका व्यसनाविरुद्ध उभी राहिलेली सोबत दुसऱ्या व्यसनाला आसरा देत होती. सोबत हे दुधारी शस्त्र आहे, हे यावरून कळते.

तंबाखूचे खरे रूप शास्त्राने उशिरा उघड केले. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. 1962 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने त्यावर शिक्कामोर्तब केले. याच सुमारास अमेरिकेतील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे डॉक्टर मॅकफार्लंड आणि पाळक फोकनबर्ग यांनी धूम्रपान सोडण्यासाठी ‘पाच दिवसांची योजना’ आखली. ओळीने पाच संध्याकाळी माणसे एकत्र जमत. भरपूर पाणी, फळे, दीर्घ श्वसन आणि फिरणे असा कार्यक्रम असे. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असे. तलफ आली की जोडीदाराला हाक मारायची. ही योजना पुढे अनेक देशांत गेली.

पाचच दिवस का, याला शरीरशास्त्रात आधार आहे. धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. ते बंद झाले की चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, भूक अशी लक्षणे उद्भवतात. पहिल्या दोनतीन दिवसांत ती तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटे कोणी शेजारी बसून गप्पा मारल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला, तर लाट निघून जाते. एकटा माणूस त्याच मिनिटांत हरतो. ज्याने स्वतः ती मिनिटे काढली आहेत, त्याला त्यांची लांबी ठाऊक असते. म्हणून त्याचा शब्द खरा वाटतो.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या 12,067 माणसांच्या 1971 ते 2003 या काळातील नोंदींचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, माणसे एकेकटी धूम्रपान सोडत नाहीत. परस्परांशी जोडलेले गटच्या गट सोडतात. पती वा पत्नीने सोडल्यास जोडीदार धूम्रपान करीत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटली, आणि मित्राने सोडल्यास 36 टक्क्यांनी. असद बेगच्या भेटीने जे साखळीने पसरले, ते साखळीनेच ओसरते, याचा हा जणू हिशेबच होय.

आपल्याकडे ही रीत हळूहळू रुजली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे काम मुंबईत 1957 मध्ये सुरू झाले. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या पाठिंब्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नव्यांची सेवा करू लागली. कालचा रुग्ण आजचा कार्यकर्ता झालेला पाहून नव्याला औषधापेक्षाही मोठा धीर येतो. विदर्भातील गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यात 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने दारू आणि तंबाखू यांविरुद्ध गावोगाव संघटना बांधण्याचे काम हाती घेतले.

जोयड्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण कर्नाटकातीलच आहे. श्रीक्षेत्र धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांनी 1982 मध्ये ग्रामाभिवृद्धी योजना आरंभिली. तिच्या आश्रयाने जनजागृती वेदिकेची मद्यवर्जन शिबिरे भरू लागली. आजवर अशी हजाराहून अधिक शिबिरे झाली आहेत. शिबिर आठ दिवसांचे असते. गावकऱ्यांचीच समिती ते भरविते. व्यायाम, भजन, वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि कुटुंबीयांशी बोलणे असा क्रम असतो. पण खरे काम शिबिर संपल्यावर सुरू होते. सुटलेल्या माणसांची ‘नवजीवन समिती’ बनते आणि ती नियमाने जमते. शंभर दिवस पार पडले की ‘शतदिनोत्सव’ साजरा होतो. लग्न-मुंजीसारखा, न पिण्याचाही उत्सव! ज्या माणसाला गावाने पूर्वी ओवाळून टाकले होते, त्याला आता गावच ओवाळते. ही शिबिरे मुख्यतः दारूसाठी असली तरी तिची रीत तंबाखूलाही तशीच लागू पडते.

या रीतीला पैसा थोडा लागतो, माणसे मात्र लागतात. भारतात 2016-17 च्या पाहणीनुसार 28.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. शासनाने 2016 मध्ये 1800-11-2356 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. निकोटीनचे च्युइंगम व अन्य औषधेही उपलब्ध झाली आहेत. ज्याला शक्य आहे त्याने वैद्याचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु दाट रानात दवाखाना दूर आणि फोनला नाद नाही अशीही गावे असतात. तेथे पडवीत जमलेली तीनचार माणसे हाच दवाखाना. एकाच वाडीतील दोघांनी, एखाद्या सणाच्या वा पेरणीच्या मुहूर्ताने, एकाच दिवशी विडी सोडावी. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या घरी जावे. चंचीत तंबाखूऐवजी बडीशेप, ओवा वा सुपारीविना पान ठेवावे, म्हणजे पाहुण्यापुढे काही तरी करण्याची रीत मोडत नाही. एखादा घसरला तर त्याला हसू नये. बहुतेकांना कायमचे सोडण्यापूर्वी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. घसरणे ही हार नव्हे, तो वाटेतला टप्पा होय.

आणि हे सारे कशासाठी? 34,439 ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी नोंदवून त्यांच्या आयुर्मानाचा माग 1951 पासून 50 वर्षे ठेवण्यात आला. त्यातून दिसले की, साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्याला सुमारे 3 वर्षे, पन्नाशीत सोडणाऱ्याला 6, चाळिशीत 9 आणि तिशीत सोडणाऱ्याला सुमारे 10 वर्षे आयुष्य लाभते. नातवाला खांद्यावर घेऊन जत्रेला जाण्याची, मुलीचे लग्न डोळ्यांनी पाहण्याची ती वर्षे आहेत. ज्याचे केस पिकले आहेत त्यालाही उशीर झालेला नाही.

चारशे वर्षांपूर्वी एका सरदाराने विजापुराहून एक नळी नेली आणि भेटीभेटीतून ती साऱ्या देशात पसरली. ती परत घेण्यास एखादा बादशहा लागत नाही. काळी नदीच्या काठी सावलीला टेकलेल्या दोघांपैकी एकाने विडी पुढे करावी, आणि दुसऱ्याने हात जोडून म्हणावे, “मी सोडली रे भावा, तूही सोड, मी आहे सोबतीला.” ज्या दिवशी नाकारलेल्या विडीतही आपलेपणा दिसू लागेल, त्या दिवशी त्या रानातील माणसांचे भेटणे पूर्वीइतकेच गोड राहील, आणि भेटण्यासाठी त्यांना आयुष्यही अधिक लाभेल.